हातानं बोर्ड भरायचे तर आधी काय घ्यावं? (इंदूर, महिन्याला दीडशेच्या आसपास नग)

माळवी_मोटर · सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, नमस्कार. इंदूरला सुदामा नगरात घराच्या वरच्या मजल्यावर माझं छोटं काम आहे. शेतातल्या बोअरची मोटर कोरडी चालली किंवा एखादी फेज गेली तर ती बंद करणारे कंट्रोल बोर्ड. डिझाइन माझं, आणि भरून, म्हणजे सुटे भाग लावून, मिळायचे सांवेर रोडवर एकाकडून. त्याच्याकडे आता मोठी कामं आली, आमचे दीडशे नग त्याच्या यादीत तळाला गेले. रब्बीचं पाणी सुरू होतं तेव्हाच नेमका माल लागतो आणि तेव्हाच तो म्हणतो, "दिवाळीनंतर बघू."

म्हणून घरीच भरायचं ठरवतोय. माणसं तीन: मी, बायको आणि आयटीआय झालेला एक मुलगा.

बोर्ड असा आहे. एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावरच चिकटणारे बारीक भाग) सगळं वरच्या बाजूला: ०८०५ मापाचे ३० रेझिस्टर-कपॅसिटर, आठ पायांचे दोन आयसी, ३२ पायांचा एक टीक्यूएफपी (चारही बाजूंना पाय असलेला चपटा) मायक्रोकंट्रोलर. बाकी थ्रू-होल (पाय भोकातून घालून जोडायचे भाग): छोटा ट्रान्सफॉर्मर, दोन रिले, टर्मिनल, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वगैरे.

सध्या हाताशी २५ वॅटचं साधं सोल्डरिंग आयर्न, सकर पंप (वितळलेलं कथील ओढून घेणारा), कटर आणि एक चिमटा. बजेट २५ हजार. एक व्हिडिओ म्हणतो हॉट एअर (गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) घ्या, दुसरा म्हणतो आयर्ननं सगळं होतं, तिसरा ओव्हनमध्ये बोर्ड भाजतोय. क्रमानं काय घेऊ? आणि काम कसं लावू? कृपया "पिक अँड प्लेस मशीन घ्या" (भाग आपोआप ठेवणारं यंत्र) एवढं सांगू नका.

छप्पन_दुकान · सोमवार, रात्री १०:१९

पिक अँड प्लेस मशीन घ्या.

जुना_रेडिओ · सोमवार, रात्री १०:५५

आम्ही रामबागेत बसून व्हॉल्व्हचे रेडिओ, मग ट्रान्झिस्टर, मग टीव्ही उघडले. सगळं २५ आणि ३५ वॅटवर. महाराणी रोडवरून रांगा (कथील) आणायचा, बिरोजा (राळ) आणायचा, टोक बोथटलं की कानशीनं घासून पुन्हा कथील चढवायचं. साधनांच्या मागे लागू नका. आठवडाभर जुन्या बोर्डांवर हात बसवा, पंचवीस हजार वाचतील.

एसएमडीही हातानं होतं. एका पॅडवर थोडं कथील, चिमट्यानं भाग धरून तो पाय चिकटवायचा, मग दुसरा पाय. यात गूढ काही नाही.

चिमटा_भिंग · सोमवार, रात्री ११:४०

जुना_रेडिओ काका, हात बसण्याबद्दल पूर्ण सहमत. कानशीला मात्र सक्त विरोध.

तुमच्या काळचा बिट नुसत्या तांब्याचा होता. कथलात तांबं विरघळतं, टोकाला खड्डे पडतात, म्हणून तो घासावाच लागायचा. आताच्या टिपवर तांब्याच्या गाभ्यावर लोखंडाचा मुलामा असतो, तोच तिचं आयुष्य. एकदा कानस फिरवली की मुलामा गेला आणि काही दिवसांत टिप पोकळ. ती पितळी तारेच्या चोथ्यात पुसायची आणि बंद करताना टोकावर कथलाचा जाड थेंब ठेवून द्यायचा. ओला स्पंज वापरलात तरी चालेल, पण तो ओलसर हवा, पाणी गळणारा नको.

मी आधी पुण्यात असेंब्ली लाइनवर होते, आता इंदूरलाच आहे. माळवी_मोटर दादांचा हिशेब मांडते. ३० भागांचे ६० जोड, दोन आयसींचे १६, कंट्रोलरचे ३२. एका बोर्डावर एसएमडीचेच १०८ जोड. दीडशे बोर्ड म्हणजे सोळा हजारांच्या वर. हे एकेक करून आयर्ननं लावता येतात, पण मग तिघांना महिनाभर दुसरं काम उरणार नाही. शिवाय आयटीआयच्या मुलाचा हात दुपारी तीन वाजता सकाळसारखा राहत नाही, माझाही राहत नाही.

त्यामुळे माझ्या मते पहिला खर्च आयर्नवर नाही. पहिला खर्च स्टेन्सिलवर. स्टेनलेस स्टीलचा ०.१२ मिमी पत्रा, पॅडच्या जागी लेझरनं कापलेली भोकं. पेस्ट (कथलाची पूड आणि धातू साफ करणारं फ्लक्स यांचं मलम) त्यावरून एका हातात ओढली की १०८ जागांवर सारखी बसते. मग उरतं भाग ठेवणं आणि तापवणं.

बडोदेकर · मंगळवार, सकाळी ७:३०

मी उलट सांगतो. एसएमडी घरी आणूच नका. पीसीबी (कोरा सर्किट बोर्ड) जिथून बनवता तिथेच एका बाजूचं एसएमडी भरून मागवा, घरी फक्त थ्रू-होल लावा. आमच्याकडे मकरपुरा जीआयडीसीत बरेच छोटे लोक हेच करतात. १०८ जोडांचा प्रश्नच संपला. स्टेन्सिल, पेस्ट, फ्रीज, ओव्हन, भिंग, डोळ्यांचा नंबर, सगळं वाचलं.

माळवी_मोटर · मंगळवार, सकाळी ९:०५

बडोदेकर, हा विचार झालाय. अडचण अशी की शेतकऱ्याकडून दर हंगामात काही ना काही मागणी येते आणि बोर्डात दोन-चार किमती बदलतात. कुणाला व्होल्टेजची खालची मर्यादा वेगळी हवी, कुणाला मोटर पुन्हा सुरू होण्याचा वेळ. बाहेर दिलं की दीडशे एकसारखेच येतात आणि मग बदलत बसा. घरी भरलं तर वीस असे, तीस तसे करता येतील.

चिमटाताई, स्टेन्सिल पटलं. पण तापवायचं कशावर?

छप्पन_दुकान · मंगळवार, सकाळी ९:११

जिलेबीच्या कढईवर.

पाचवी_पिन · मंगळवार, दुपारी १:२०

कढईचा विनोद खऱ्यापासून फार लांब नाही. एसएमडी एकाच बाजूला असेल तर खालून तापवणारी हॉट प्लेट हा सगळ्यात सोपा मार्ग. खालची बाजू सपाट असते, कारण थ्रू-होल अजून लावलेलंच नसतं. हा क्रम चुकवू नका: आधी एसएमडी, मग थ्रू-होल.

६३/३७ मिश्रण (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) १८३ अंशांना वितळतं. प्लेटवर बोर्ड ठेवून १५० पर्यंत न्या, मिनिट-दीड मिनिट तिथेच थांबा म्हणजे फ्लक्स जागा होतो आणि सगळा बोर्ड सारखा तापतो. मग २१० ते २१५. करडी पेस्ट एकेका कोपऱ्यात चकाकायला लागते, भाग स्वतःहून पॅडवर सरळ होतात (हे पहिल्यांदा बघताना मजा येते). सगळीकडे चकाकी आली की आणखी वीस-तीस सेकंद, आणि बोर्ड हळूच सरकवून थंड व्हायला. धक्का नाही, फुंकर नाही.

तापमान मोजायला ती लाल ठिपक्याची इन्फ्रारेड बंदूक वापरू नका, चकचकीत धातूवर ती हमखास कमी दाखवते. के-टाइप थर्मोकपलची तार पिवळ्या, उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपनं रद्दी बोर्डावर चिकटवा आणि तो बोर्ड प्लेटवर ठेवून बघा.

स्वयंपाकाच्या ओटीजीतही होतं. पण ज्या ओव्हनमध्ये बोर्ड गेला त्यात पुन्हा नानखटाई नाही. कधीच नाही.

हॉट एअर घ्याच, पण दुरुस्तीसाठी. दीडशे बोर्ड हॉट एअरनं फुंकत बसलात तर ०८०५ उडून शेजारच्याच्या गच्चीवर जातील.

तांब्याची_तार · मंगळवार, दुपारी २:०२

१३८ अंशांना वितळणारी पेस्ट मिळते ना? कथील आणि बिस्मथवाली. प्लेट कमी तापवावी लागेल, घरच्या कामाला बरी.

पाचवी_पिन · मंगळवार, दुपारी २:३०

एलईडीच्या पट्ट्यांना ठीक. इथे नको. एक तर ते जोड ठिसूळ असतात, आणि हा बोर्ड मोटरच्या पेटीत थरथरणार. दुसरं म्हणजे नंतर कुणी शिशाच्या तारेनं दुरुस्ती केली तर कथील, शिसं आणि बिस्मथ एकत्र येऊन ९६ अंशांच्या आसपास वितळणारा भाग तयार होतो. मे महिन्यात, पत्र्याच्या पेटीत, ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी. विचार करा.

जुना_रेडिओ · मंगळवार, सायंकाळी ६:४५

चिमटाताईंनी कानशीवरून कान उपटले ते मान्य, नव्या टिपला नाही लावणार. पण बिरोज्याचं काय? तो तर अजून तोच आहे ना? आणि टोक काळं पडलं की आम्ही नवसागराच्या वडीवर घासायचो. कल्हईवाला भांडं तापवून नवसागर टाकतो तसंच, धूर निघाला की लख्ख.

चिमटा_भिंग · मंगळवार, रात्री ९:१५

बिरोजा तोच आहे काका, आणि आजही उत्तम. तारेच्या पोटात असतो तोही मुळात राळच. आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) विरघळवून बाटलीत भरा, ब्रशनं लावा, झालं घरचं फ्लक्स.

नवसागर बोर्डाच्या आसपास नको. टिपवरून त्याचे क्षार जोडात उतरतात आणि पावसाळ्यात तिथे हिरवं फुटतं. तसंच नळकामाचं फ्लक्स, ज्यात झिंक क्लोराइड असतं. महाराणी रोडवर "सोल्डरिंग पेस्ट" एवढंच मागितलं तर कधी कधी पत्र्याच्या कामाची डबी हातात पडते. डबीवर इलेक्ट्रॉनिक्ससाठी असं लिहिलेलं बघून घ्या.

तार: एसएमडीच्या टच-अपला २४ गेज, थ्रू-होलला २२ गेज, म्हणजे साधारण ०.७ मिमी. ट्रान्सफॉर्मर आणि टर्मिनलला १८ गेज चालेल. ६०/४० आणि ६३/३७ यांत ६३/३७ घ्या. ते एकदम वितळतं आणि एकदम गोठतं. ६०/४० ला मध्ये काही अंशांची मऊ अवस्था असते, त्या वेळी भाग हलला की जोड खडबडीत होतो.

टिपेबद्दल सगळे अणकुचीदार टोक घेतात आणि फसतात. चपटं, छिन्नीसारखं टोक घ्या, दोन-अडीच मिमी रुंद. पॅडला जेवढा जास्त भाग टेकेल तेवढी उष्णता लवकर जाते. २५ वॅटवाल्याची खरी अडचण हीच: ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला टेकवलं की ते थंड पडतं, आणि ते तापेपर्यंत पॅड उखडतं. तापमान राखणारं स्टेशन, ३३० ते ३५० वर, आणि जोड दोन-तीन सेकंदांत संपला पाहिजे.

ओटी_आणि_ओहम · मंगळवार, रात्री १०:२०

कुणी विचारलंच नाही म्हणून विचारते. माळवी_मोटर, घरात लहान मूल आहे का?

माळवी_मोटर · मंगळवार, रात्री १०:२६

हो, मुलगी साडेतीन वर्षांची. काम वरच्या खोलीत, ती खाली असते. का?

ओटी_आणि_ओहम · मंगळवार, रात्री १०:५०

मग थोडं लिहिते. ३५० अंशांना शिसं वाफ होऊन नाकात जात नाही, ही भीती चुकीची आहे. तो धूर राळेचा असतो. तो निरुपद्रवी नाही, रोज घेतला तर दमा होऊ शकतो. त्यामुळे बाकावर एक पंखा असा लावा की धूर तोंडापासून ओढला जाऊन खिडकीबाहेर जाईल. तोंडावर वारा मारणारा पंखा नको.

शिसं जातं ते हातातून तोंडात. कथलाचे कण, पंपातून सांडलेली पूड, पुसलेला चिंधीचा बोळा. मुलांच्या शरीरात ते मोठ्यांपेक्षा जास्त शोषलं जातं आणि मेंदूवर परिणाम करतं. म्हणून कामाचे कपडे आणि चप्पल वरच राहू द्या, जिना उतरण्याआधी हात साबणानं धुवा, फरशी झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. बाकावर खाणं-पिणं बंद.

आणि पेस्ट! सोल्डर पेस्ट २ ते १० अंशांत ठेवायची असते. ती खालच्या फ्रीजमध्ये श्रीखंडाच्या शेजारी ठेवायची नाही. एक तर खोलीच्या तापमानाला टिकणारी पेस्ट मिळते ती बघा, नाहीतर वर छोटा वेगळा फ्रीज. फ्रीजमधून काढल्यावर डबी न उघडता तीन-चार तास बाहेर राहू द्या. थंड डबी उघडली की हवेतला ओलावा आत बसतो आणि प्लेटवर कथलाच्या गोळ्या उडतात.

छप्पन_दुकान · मंगळवार, रात्री १०:५८

बाकावर खाणं बंद म्हणजे पोहे पण? इंदुरात हा नियम टिकणार नाही ताई.

ओटी_आणि_ओहम · मंगळवार, रात्री ११:०१

पोहे आधी, बोर्ड मग. शेव बोटांना लागली की फ्लक्स लागत नाही, हे कारण तरी पटेल.

तांब्याची_तार · बुधवार, सकाळी ८:४०

मग थेट शिसंविरहितच वापरावं ना? युरोपात १ जुलै २००६ पासून शिशावर बंधन आहे. आपल्याकडेही ई-कचऱ्याच्या नियमांत वजनाच्या ०.१ टक्क्याची मर्यादा आहे.

चिमटा_भिंग · बुधवार, सकाळी ९:३०

ती मर्यादा कोणत्या वस्तूंना लागू आहे याची यादी नियमांच्या परिशिष्टात आहे. माळवी_मोटर, तुमचा माल तिच्यात बसतो का, हे आधी तपासा. बसत असेल तर प्रश्न मिटला, एसएसी३०५ (शिसंविरहित कथील) घ्यावं लागेल. ते २१७ ते २२० ला वितळतं, म्हणजे प्लेट २४० च्या आसपास न्यावी लागते आणि चुकायला जागा कमी उरते. जोड दिसायलाही जरा मळकट असतो, शिकाऊ मुलाला तो वाईट वाटतो आणि तो पुन्हा पुन्हा तापवतो. पण शिकता येतं, आणि घरात साडेतीन वर्षांची मुलगी आहे. मी असते तर हाच खर्च केला असता.

लष्करवाला · बुधवार, दुपारी १२:१५

ग्वाल्हेरहून. इथं सगळे कथील आणि टिपेवर भांडताहेत, वेळ जातो कुठे ते कुणी बोलेना. वेळ जातो शोधण्यात. "१० के कुठाय रे?" यात.

भाग पट्टीतून काढून वाट्यांत ओतू नका. ०८०५ कपॅसिटरवर काहीच छापलेलं नसतं. एकदा १०० नॅनो आणि १० नॅनो एकत्र झाले की देवही वेगळे करू शकत नाही, मीटरच काढावा लागतो. पट्टी लांब पुठ्ठ्यावर दुहेरी टेपनं चिकटवा, वरची पारदर्शक फीत लागेल तेवढीच सोला. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत किंमत आणि बोर्डावरचा नंबर लिहा.

आणि एका माणसानं एक बोर्ड संपवायचा नाही. दहा बोर्ड ओळीनं मांडा. एका किमतीचे सगळे भाग दहाही बोर्डांवर, मग पुढची किंमत. डोळ्याला एकच जागा शोधायची असते. शेवटी एखादी जागा रिकामी दिसली तर लगेच कळतं.

उचलायला चिमट्यापेक्षा व्हॅक्यूम पेन बरा. मत्स्यालयाचा हवेचा पंप उलटा करून ओढणारा करता येतो. पुढे बोथट सुई, नळीला एक भोक. भोकावर बोट ठेवलं की भाग उचलतो, बोट काढलं की सुटतो. टीक्यूएफपीला मात्र चिमटाच, ३२ पायांवर लक्ष ठेवून.

माळवी_मोटर · बुधवार, दुपारी १२:४०

दहा बोर्ड ओळीनं ही कल्पना बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, "पोळ्या एकेक लाटून एकेक भाजतं का कोणी?" म्हणजे मंजूर.

बडोदेकर · बुधवार, दुपारी ३:३०

माझा मुद्दा सोडलेला नाही, पण घरीच करणार असाल तर पुढची पीसीबीची ऑर्डर चार-चारच्या पॅनेलमध्ये द्या. मध्ये व्ही-कट (नंतर तोडायला खाच). स्टेन्सिलही पॅनेलचं. एका ओढीत चार बोर्ड. प्लेट तेवढी मोठी हवी, हे आधी मोजा.

स्टेन्सिल बसवायला महागडी चौकट लागत नाही. त्याच जाडीचे, १.६ मिमीचे रद्दी बोर्ड टेबलावर काटकोनात चिकटवा, आपला बोर्ड त्या कोपऱ्यात सरकवा. स्टेन्सिल वरून एका बाजूला टेपनं बिजागरीसारखं धरा. पेस्ट ओढायला स्टीलची पट्टी ४५ ते ६० अंशांत. ओढून झालं की स्टेन्सिल सरळ वर उचला, तिरकं नाही, नाहीतर कंट्रोलरच्या पायांवर पेस्ट फासली जाते. उरलेली पेस्ट ताज्या डबीत परत टाकू नका.

चिमटा_भिंग · बुधवार, सायंकाळी ५:१०

बडोदेकर, पॅनेल बरोबर. नवीन ऑर्डर देणारच असाल तर लेआउटमध्येच दोन-तीन गोष्टी सुधारा, हातांचं अर्धं काम तिथेच होतं.

सगळे डायोड एकाच दिशेला. सगळे इलेक्ट्रोलिटिक एकाच दिशेला. तिघं जण, वेगवेगळ्या वेळी बसणार, "बँड डावीकडे" एवढा एकच नियम लक्षात राहिला पाहिजे. आयसीचा एक नंबरचा पाय पांढऱ्या ठिपक्यानं असा दाखवा की आयसी बसवल्यावरही तो दिसेल. ग्राउंडच्या पॅडला थर्मल रिलीफ (उष्णता पळू नये म्हणून तांब्याशी बारीक जोडण्या) द्या.

आणि मुलाला पहिल्या दिवशी शिकवा: इलेक्ट्रोलिटिकच्या डब्यावरची पट्टी ऋण बाजू दाखवते, टॅंटलम कपॅसिटरवरची पट्टी धन बाजू. शिकाऊ माणूस इथेच अडकतो, आणि उलटा टॅंटलम नुसता बिघडत नाही, पेटतो.

भिंगाचा दिवा घेताना "५ डी" म्हणजे पाचपट नव्हे. डायोप्टरला चारनं भागा, एक मिळवा. ५ डी म्हणजे सव्वादोन पट. ०८०५ ला तेवढं पुरतं. तपासायला दहापटीचं छोटं भिंग वेगळं ठेवा.

तांब्याची_तार · बुधवार, सायंकाळी ५:३५

टीक्यूएफपीच्या पायांत कथील अडकलं तर विक (कथील शोषणारी तांब्याची वेणी) की पंप?

पाचवी_पिन · बुधवार, सायंकाळी ५:४४

दोन्ही नाही. आधी फ्लक्स भरपूर, मग स्वच्छ चपटी टिप पायांवरून बाहेरच्या दिशेनं ओढा. टीक्यूएफपी-३२ ला दोन पायांत ०.८ मिमीचं अंतर असतं, जास्तीचं कथील टिपेवर येतं. तरी राहिलं तर विक, तीही फ्लक्स लावून. पंप थ्रू-होलसाठी, बारीक पायांजवळ त्याचा धक्का नको.

जुना_रेडिओ · बुधवार, रात्री ८:०५

थ्रू-होलवर कुणी बोलत नाही, तर मी बोलतो, यात अजून काही बदललं नाही.

बुटके आधी. जंपर, रेझिस्टर, डायोड, मग सॉकेट, मग कपॅसिटर, मग रिले, शेवटी ट्रान्सफॉर्मर. उंच भाग आधी बसवला तर बोर्ड उलटा केल्यावर बुटके खाली पडतात. वर फोम, त्यावर फळी, दोन रबर, आणि मग उलटा. पाय वाकवायला लाकडाच्या पट्टीत अंतरानुसार खाचा पाडा, प्रत्येक रेझिस्टर सारखा वाकतो.

पाय कापताना एका हाताचं बोट त्यावर ठेवा. तुटलेला पाय डोळ्याकडे उडतो. चष्मा नसेल तर शून्य नंबरचा घ्या.

जोड वरच्या बाजूनंही बघा. भोकात कथील वरपर्यंत चढलं पाहिजे.

चिमटा_भिंग · बुधवार, रात्री ८:२०

काका, शंभर टक्के. आयपीसी-ए-६१० या बोर्डांच्या तपासणीच्या मानकामध्येही भोक भरण्याचा निकष सर्वसाधारणपणे ७५ टक्के उंचीचा आहे.

जुना_रेडिओ · बुधवार, रात्री ८:२४

आमच्याकडे शंभर होता.

छप्पन_दुकान · बुधवार, रात्री ८:३१

काकांचा आयएसआय मार्क वेगळा आहे भिया.

तांब्याची_तार · बुधवार, रात्री ९:००

स्टॅटिकचं (अंगावर साचणाऱ्या विजेचं) काय? मनगटाला पट्टा बांधायचा की ती कारखान्यांची नाटकं?

लष्करवाला · बुधवार, रात्री ९:२५

नाटक नाही. आमच्याकडे आणि तुमच्या माळव्यात एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की खुर्चीवरून उठलं की दाराच्या कडीला चटका बसतो. आयसी मरतो तेव्हा चटका बसल्याचं तुम्हाला कळतही नाही. पट्ट्यात एक मेगाओहमचा रेझिस्टर असतो, तो तुमच्या जिवासाठी आहे. म्हणून पट्ट्याच्या जागी साधी तार बांधू नका. आणि बाकाची अर्थिंग खरी आहे का, हे वायरमनकडून मोजून घ्या. जुन्या घरांत अर्थच्या भोकात कुठली तार गेली असेल सांगता येत नाही.

बडोदेकर · बुधवार, रात्री ९:४०

आणि पहिल्यांदा वीज देताना सिरीज लॅम्प. फेजमध्ये साधा पिवळा बल्ब, मग बोर्ड. बल्ब क्षणभर चमकून विझला तर ठीक, पूर्ण पेटला तर शॉर्ट, आणि बोर्ड वाचला. हा मोटरचा बोर्ड आहे, पेटीत ४१५ व्होल्ट असतात, तपासणीच्या बाकावर एक हात खिशात ठेवायची सवय लावा.

माळवी_मोटर · बुधवार, रात्री १०:०५

सिरीज लॅम्प आहे. एक वेगळा प्रश्न: शेतातून परत येणाऱ्या बोर्डांपैकी बऱ्याच बोर्डांवर पाल मेलेली असते. किंवा रिलेच्या संपर्कात मुंग्या. हे भरण्यात काही करून टळेल?

छप्पन_दुकान · बुधवार, रात्री १०:०९

पालीला पण पट्टा बांधा, एक मेगाओहमचा.

पाचवी_पिन · बुधवार, रात्री १०:३०

बंद डब्याचा रिले घ्या, मुंगी आत जाणार नाही. पालीसाठी केबलच्या भोकाला ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं बूच) लावा, भरण्यात त्याला उपाय नाही. दमट हवा आणि धूळ यांसाठी मात्र आहे: बोर्ड आयपीएनं घासून फ्लक्स काढा, पूर्ण वाळू द्या, मग कॉन्फॉर्मल कोटिंगचा (संरक्षक थराचा) पातळ हात. टर्मिनलची तोंडं आणि बटणं टेपनं झाका. फ्लक्सवरच कोटिंग मारलं तर ओलावा आत कोंडला जातो, त्यापेक्षा न मारलेलं बरं. आणि आयपीए गरम प्लेटच्या खोलीत उघडं नको, भडकतं.

ओटी_आणि_ओहम · बुधवार, रात्री १०:४२

कापलेले पाय, विकचे तुकडे, पेस्ट पुसलेले कागद वेगळ्या बंद डब्यात. कचरागाडीवाल्याला ई-कचरा आणि घातक कचरा म्हणून वेगळे द्या. इंदूरकरांना हे शिकवायला नको.

तांब्याची_तार · गुरुवार, सकाळी ८:१५

मुलाला पगार देणार की नगावर? नगावर दिलं तर वेग येतो.

चिमटा_भिंग · गुरुवार, सकाळी ८:५०

वेग येतो आणि थंड (नीट न वितळलेले) जोडही येतात. नगावर द्यायचंच असेल तर तपासणीत पास झालेल्या नगावर द्या, आणि तपासणी त्यानं नव्हे, दुसऱ्यानं करायची. मी तरी शिकाऊ माणसाला पगारच देईन. पहिले दोन महिने त्याला घाई शिकवली तर ती मोडायला वर्ष जातं.

माळवी_मोटर · गुरुवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार, विशेषतः भांडणाऱ्यांचे.

यादी: पॅनेलचं स्टेन्सिल, हॉट प्लेट आणि थर्मोकपल, तापमान राखणारं स्टेशन चपट्या टिपसह, उलटा मत्स्यालय पंप, भिंगाचा दिवा आणि दहापटीचं भिंग, मनगटाचा पट्टा आणि चटई. हॉट एअर साधंच घेईन. मशीन नाही. परिशिष्ट काढून वाचेन, पण बायकोनं निकाल आधीच दिलाय: मुलगी घरात आहे, शिसंविरहितच. पेस्ट खोलीच्या तापमानाला टिकणारी. बडोदेकर, तुमचं एसएमडी बाहेरून भरण्याचं दरपत्रकही मागवलंय. निम्मे बोर्ड एकसारखेच जातात, ते बाहेरून आणि बदलाचे घरी, असं जमतंय का बघतो.

काका, खाचांची पट्टी सागाची की कशाची?

जुना_रेडिओ · गुरुवार, रात्री ९:५२

साग कशाला वाया घालवता, शिसवीचा उरलेला तुकडा सुताराकडे मिळेल. प्लायवूड नको, खाचेतून थर सुटतात. दहा आणि साडेबारा मिमी अशा दोन खाचा आधी पाडा, तुमच्या बोर्डवर बहुतेक त्याच लागतील.

बडोदेकर · गुरुवार, रात्री १०:१०

स्टेन्सिलची ऑर्डर देताना फक्त वरच्या पेस्टचा थर पाठवा. थ्रू-होलचे पॅड त्यात चुकून राहिले असतील तर आधी काढा, नाहीतर सगळ्या भोकांत पेस्ट जाईल. आणि फाइल पॅनेलची पाठवा, एका बोर्डाची नव्हे.

माळवी_मोटर · गुरुवार, रात्री १०:१४

आत्ताच उघडून बघितली. रिलेचे पॅड आहेत त्यात. काढतो.